बर्फ सोडून झाडपाल्याकडे वळलेली बाई

लंडनच्या युस्टन स्टेशनहून गाडी सुटली तेव्हा मी भांडायच्या तयारीतच होते. मिल्टन कीन्सची माझी सुनंदामावशी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेते, कारण तिच्या हृदयाचे ठोके चुकतात. आता ती कुठल्याशा झाडपालावालीकडे जायला लागली होती. गोळ्या सोडल्या तर रक्ताची गाठ, थेट अर्धांगवायू. सांगलीत आम्ही बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटतो. असल्या बायका मी कोळून प्यायलेय.

मावशी गाडी घेऊन स्टेशनवर आली. या गावात चौक नाहीत, नुसते राउंडअबाउट (गोल वळसे). एका वळशावर ती चुकली आणि आम्ही दोनदा फिरलो.

"ती बाई शिकलेली आहे का?" मी विचारलं.

"अगं, स्कीइंगची रेसर होती! ब्रिटनकडून बर्फाच्या उतारावर उतरलेली आपल्यातली पहिली मुलगी."

"मग तिला औषधातलं काय कळतं?"

"तूच विचार तिला. पण पत्रक देऊ नकोस हं, लाज काढशील माझी."

पाचव्या दिवशी आम्ही रेडवेने (चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची लाल वाट) निघालो. लांबून एक अवाढव्य तिरपं छप्पर दिसलं. त्याच्या आत बारा महिने बर्फ असतो आणि तिथेच मावशीची ती झाडपालावाली, रोहिणीताई, घसरायला शिकल्या. ताई चाळिशीच्या, एका पायाने किंचित लंगडणाऱ्या. त्यांच्या घरामागच्या परसबागेत पहिला प्रश्न फेकताना मी हात उगारला, तो सरळ नेटलमध्ये (स्पर्श झाला की चटका देणारं रानझुडूप) गेला. मी किंचाळले. ताईंनी शेजारचं एक रुंद पान तोडून माझ्या हातावर चोळलं.

"बेटर वाटतं?"

"वाटतंय."

"याला एव्हिडन्स नाही हं. चोळलं की तेवढंच बरं वाटतं."

माझं अर्धं भाषण तिथेच वाया गेलं.

"कोच म्हणायचे, इंडियन मुलींना थंडी सहन होत नाही," ताई सांगत होत्या. "मी रेस जिंकले, तर म्हणाले, लकी."

माझं डोकं फिरलं. आता त्या कोचशीच भांडावंसं वाटत होतं. पुढे गुडघा गेला, दुखण्यावरच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, आणि ताई कॉलेजात जाऊन वनस्पतींचं शास्त्र शिकल्या. "पण पानात औषध आहे ना, मग पान डेंजरस पण असणार," त्या म्हणाल्या. म्हणून त्यांचा एक नियम आहे. येणाऱ्याने आपल्या घरातली प्रत्येक गोळी, बाटली, पुडी टेबलावर ओतायची. त्याआधी चमचाभर अर्कही मिळत नाही.

मावशीने पिशवी उपडी केली. गोळ्या होत्या, आणि एकही चुकवलेली नव्हती. मला हायसं वाटलं. मग रबर लावलेली एक पुडी निघाली. वर नाव नाही, काही नाही.

"हे काय, काकू?"

"चूर्ण आहे, पोटासाठी. माझ्या ताईने, हिच्या आईने, सांगलीहून पाठवलंय. चार दिवस घेतेय."

"कोणी आणलं?"

मावशी माझ्याकडे बघायला लागली. मीच आणलं होतं. आईने ते बॅगेत कोंबलं आणि मी 'यात काय आहे' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं.

"काकू, ब्लीडिंग कुठे होतं का?"

"हिरड्यांतून जरा. कालपासून. ब्रश कडक असेल."

ताईंनी अर्क-बिर्क काही दिला नाही. कुठेतरी फोन केला आणि आम्हा दोघींना गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं. तिथे तीन तास काढले. मी देव मानत नाही, त्यामुळे समोरच्या चॉकलेटच्या मशीनकडे टक लावून बसले. शेवटी डॉक्टर आल्या. चूर्णाने गोळ्यांचा जोर वाढून रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ झालं होतं, पण वेळेत आलो होतो. चूर्ण बंद, आजची गोळी नाही, आठवड्याने पुन्हा तपासणी.

ती दुसरी तपासणी झाली तेव्हा मी सांगलीत होते. आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "झाडपाल्याने काय होतंय गं?" हेच वाक्य कुणी भर चौकात बोललं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. स्वयंपाकघरात मात्र कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. आईने लगेच मावशीला फोन लावला.

"नॉर्मल आला रिपोर्ट," मावशी म्हणाली.

आईला रडू आवरेना.

"ताई, रडतेस काय? माझी पोहायला जायची वेळ झालीय. ठेव बघू फोन!"