बहिरा राहिलेला भोंगा

इंगळे मॅडम फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘ऐकू येऊन राहिलं का?’ असं विचारत. समोरचा हो म्हणाला, की लगेच, ‘काय ऐकू आलं ते सांगा.’ ही सवय त्यांना कशी लागली, ते मी पाहिलं आहे.

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या छोट्या कंपनीने नदीकाठच्या गावांत पुराचा इशारा देणारे भोंगे बसवले होते. मल्टिकास्टवर इशारा एकदाच पाठवायचा, नेटवर्क तो सगळ्या भोंग्यांपर्यंत नेई. पण भोंग्यांच्या या गटात कोणीही संदेश सोडू शके. एकदा कुणीतरी ‘धरण फुटलं’ असं खोटंच सोडलं आणि गावं जिवाच्या आकांताने पळाली. तेव्हा आमचं नेटवर्क सांभाळणाऱ्या मॅडमनी सोर्स-स्पेसिफिक मल्टिकास्ट आणलं. भोंग्याने ठरलेल्या सर्व्हरचंच ऐकायचं, म्हणजे आमच्या अमरावतीच्या.

‘हाक कोनाची हाये ते पायल्याबिगर दार उघडाचंच नाही,’ त्या म्हणाल्या. खोटे इशारे थांबले.

‘आणि अमरावतीच बंद पडलं तर?’ मी विचारलं.

‘अकोल्याचा सर्व्हर हाये ना. पन त्याचा पत्ता हरेक भोंग्यात आधी टाका लागते. नाही टाकला, त भोंगा बहिरा.’

आम्ही गावोगाव फिरून तो पत्ता टाकत होतो. एकच गाव उरलं. मॅडम थकल्या होत्या. ‘सोमवारी जाऊ,’ म्हणाल्या.

शनिवारी दुपारी ढगफुटी झाली. अमरावतीचा सर्व्हर बंद पडला, अकोल्याहून इशारा सुटला. सगळीकडे भोंगे वाजले, त्या गावात नाही. नदीकाठी वांगी तोडणारा गजानन वाहून गेला.

कंपनीच्या अहवालात ‘वीजपुरवठा खंडित’ एवढंच होतं. मॅडम मला घेऊन गजाननच्या घरी गेल्या. त्याची बायको शांताबाई भिंतीला टेकून बसली होती.

‘भोंगा वाजला असता, त ते आले असते का, बाई?’

‘हो,’ मॅडम म्हणाल्या. ‘आले असते. चूक माही हाये.’

परतताना मी चिडलो. ‘कशाला सांगितलंत?’

‘तिनं मले इचारलं ना.’

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि अकोल्याला माहेरी गेल्या. तिथूनही गावांना फोन करून भोंग्यांची चौकशी करत राहिल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. अंत्ययात्रेला शांताबाई एसटीने आली होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, ‘मॅडमनी तुम्हाला खरं सांगितलं होतं.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘खोटं बोलल्या असत्या, त मी देवाले दोष देऊन मोकळी झाली असती.’