आवाजाची दारं

उंब्रजला माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं, तेव्हा मी सांगलीहून एक जुना मिक्सर आणला. चार माइक, प्रत्येकाला एक बटण आणि सगळ्यांच्या शेवटी एक मोठं बटण. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्यासमोर बसून राहायचो. आवाज आत शिरला की कुठं वळतो, कुठं जाऊन मिळतो, हे मनाशी जुळवता जुळवता डोळे मिटायचे आणि आमच्या उसातलं पाणी दिसायचं. पाटातून सरीत शिरणारं, गार, बिनबोभाट. मिक्सर मला कळला तो असा, अर्धवट झोपेत.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे फार पटलं. त्यांनी जन्मभर उसाला दारं धरलेली. एका सरीचं तोंड मातीनं बुजवायचं, दुसरीचं फोडायचं, हे त्यांचं शास्त्र. भजनात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आबा गायला लागले की शिवारातली बैलं थांबतात, असं लोक म्हणायचे. बैलांचं मला माहीत नाही, मी थांबायचो.

मग मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आबांच्या घशातली गाठ काढावी लागेल आणि तिच्याबरोबर आवाजही जाईल. आईनं पदर डोळ्यांना लावला. मला दुसरं काही सुचेना. साताऱ्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांचा टेपरेकॉर्डर मागून आणला.

मिरजेला निघायच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, देवळात भजन ठरलं. गाव लोटलं. मिक्सरमधून निघणाऱ्या दोन वायरी मी जोडल्या, एक कर्ण्याला, एक टेपला. आबांनी सूर लावला आणि मी माझा राहिलो नाही. तेवढ्यात कर्णा शिट्टी मारायला लागला. आबांनी गाता गाताच हातानं खूण केली, दारं बुजव. मलाही ते बरोबर वाटलं. कर्ण्याकडं जाणारा आवाज अडवला की सगळा टेपकडं वळणार. मी मोठं बटण शून्यावर आणलं. शिट्टी थांबली. टेपच्या चकत्या संथ फिरत होत्या, आबा गात होते, आणि ते कधी संपूच नये असं मला वाटत होतं.

घरी येऊन टेप लावला. थोडा सूर, शिट्टी, मग नुसती सरसर. मोठं बटण दोन्ही वायरींच्या अलीकडं होतं. सरीचं तोंड समजून आम्ही बापलेकांनी पाटच बुजवला होता. शिवाय आवाज म्हणजे काही पाणी नव्हे, दोघांना दिला म्हणून एकाचा वाटा कमी होत नाही. हे कळलं तेव्हा मला रडू आलं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. दारं धरणाऱ्याला दारंच दिसणार."

सकाळी गाडीची वेळ व्हायच्या आधी मी घरीच मिक्सर मांडला, कर्ण्याची वायरच उपटली आणि मोठं बटण उघडं ठेवलं. आबांचा घसा बसला होता, सूर चढेना. मग नुसतं बोलू का, म्हणाले, पण काय बोलू? मी म्हटलं, काहीही. आई आत भाकरी बांधत होती. मग त्यांनी माइक ओठांजवळ घेतला आणि आईचं नाव घेतलं. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. आबांनी उभा संसार 'अगं ए'वर केलेला. हळूच, दोनदा, नुसतं नाव. आत ते पोचलं नाही.

आबा मिरजेहून परतले ते गळ्याला पट्टी बांधून. बोलणं खुणांवर आलं होतं. प्राध्यापकांनी टेपरेकॉर्डर अजून मागितला नव्हता. एका संध्याकाळी आई म्हणाली, लाव बघू, काय हाय त्यात. मी लावला. नाव आलं, पुन्हा आलं. आबा जमिनीकडं बघत होते.

आईनं टेपकडं पाहिलं आणि ती म्हणाली, "आवं, हाय की मी."

मग ती आबांच्या जवळ सरकून बसली.