बाईंच्या बारा कुंड्या

मालतीबाईंना मी पहिल्यांदा भेटलो तो नोकरीच्या मुलाखतीत, टाय लावून. बाईंनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि चिखलाने माखलेली दुधीची मुळं पुढ्यात ठेवली. “धुवा. एकही तंतू तुटता कामा नये.” मी तासभर धुतली. मग त्यांनी ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. मुळांच्या आत त्या रंगाने निळी झालेली बुरशी पसरली होती. ती दुधीला मातीतला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते आणि दुधी तिला साखर पुरवतो. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही.

यमुनेच्या खादरातली, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यातली, ही बुरशी बाईंनी आयुष्यभर जपली. माती देणाऱ्या शेतकऱ्याचं नाव त्यांच्या प्रत्येक शोधनिबंधात सर्वांत वर असे. पुढे तिथली शेतंच उठवली गेली, मग आमचं काचगृहही बंद झालं. उरल्या बाईंच्या नोएडातल्या बाल्कनीतल्या बारा कुंड्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई हॉस्पिटलमध्ये होत्या. कुंड्या माझ्या हवाली होत्या. “फक्त पाणी,” त्यांनी बजावलं होतं. पानं पिवळी पडली आणि माझा धीर सुटला. मी दर आठवड्याला चमचाभर डीएपी, स्फुरदाचं खत, घातलं. वेल तरारले, मीही खूश! अहो, स्फुरद आयता मिळाला की दुधी बुरशीला थारा देत नाही, हे मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलं होतं. गाढव मी, दुसरं काय!

घरी आल्यावर बाईंनी मुळं तपासली. बारापैकी एकातही निळं नव्हतं. त्याच मातीत पुन्हा दुधी लावला, त्याच्या मुळांतही बुरशी नव्हती. मी कबुली दिली. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चहा केला आणि फ्रिजमधून खादरातल्या मातीची शेवटची पुडी काढून माझ्या हातात दिली.

“बाई, दुसऱ्या कोणाला तरी द्या.”

“दुसऱ्याची चूक अजून व्हायची आहे. तुझी करून झाली.”

त्या मातीत मी तीन वेल लावले. दोन वेलांची मुळं तपासली, निळं दिसलं नाही. तिसरा अजून उभा आहे, त्याची मुळं तपासायची आहेत. बाईंचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तिथून त्यांचा फोन येतो, एकाच शब्दाचा : “निळं?” मी म्हणतो, “नाही, बाई.”

बाई, पंचाहत्तरीला निरोगी दीर्घायुष्य चिंतावं, अशी रीत आहे. निरोगी म्हटलं तर तुम्हीच हसाल. मी आपल्या स्वार्थाचं मागतो. माझ्या तोंडून ‘हो’ ऐकेपर्यंत फोन करत राहा.