दुधाच्या गावातला कोरा चहा

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण आमच्याकडे कुणी विचारत नाही. विषय अर्थशास्त्र. मागणी आणि पुरवठा यांवर मी पानंच्या पानं लिहून पास झाले, पण आमच्याच घरात तीन म्हशी असून चहा कोरा का, याचं उत्तर त्या पुस्तकात कुठं नव्हतं.

आमचं गाव मंगरूळपीर या तालुक्याच्या गावापासून जवळच. येणारा प्रत्येक साहेब भाषणात त्याला 'दुधाचं गाव' म्हणतो. दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर एका गुबगुबीत पोराचं चित्र आहे. हातात दुधाचा पेला, ओठावर पांढरी मिशी. त्या चित्राखाली गावातली माणसं रोज दूध घेऊन उभी राहतात आणि ओतून रिकामी परत येतात. चित्रातलं पोर गावातलं नाही, हे त्याच्या मिशीवरूनच कळतं.

सकाळी दुधाची गाडी केंद्रापाशी येऊन भोंगा वाजवते, आणि निघताना पुन्हा एकदा. त्या भोंग्यावर गाव चालतं. बाबा जेवत असले तरी उठतात, भांडत असले तरी उठतात. आजीचं सुतक होतं तेव्हाही भोंगा वाजला आणि त्यांचा हात आपोआप कॅनकडे गेला. घरात उरतं ते मांजरापुरतं. पुढे तेच दूध दूर कुठंतरी जाऊन, थंड होऊन, पिशवीत बसून तालुक्याच्या दुकानात परत येतं. पिशवीवर हिरवा डोंगर आणि हसरी गाय. आमच्या भागात इतका हिरवा डोंगर नाही, आणि आमच्या म्हशी हसत नाहीत.

अपवाद फक्त अमावस्येचा. त्या दिवशी आमच्या गावात दूध विकत नाहीत, जुना रिवाज आहे. त्या दिवशी घरोघरी खीर होते, चहा पांढरा होतो, आणि पोरांची पोटं बिघडतात, कारण सवय नसते.

तर गोष्ट मला पाहायला पाहुणे आले तेव्हाची. आधी दोन-तीन स्थळं येऊन गेली होती. मी मंगरूळपीरला एका शिकवणीत शिकवते, हे कळलं की ती मंडळी "पाहू, कळवू" म्हणून उठायची. हे स्थळ मंगरूळपीरचंच होतं आणि मुलाने फोनवर आधीच सांगितलं होतं की नोकरी चालू राहिली तर बरंच आहे. एवढ्या एका वाक्यासाठी मला हे लग्न जमायला हवं होतं. मी ते कुणाला बोलले नाही, पण मायला कळलं होतं.

मध्यस्थ होती आत्या, बाबांची थोरली बहीण. मुलाच्या आईने तिला एकच गोष्ट विचारली होती, घर दूधदुभत्याचं आहे ना? बाई खेड्यात वाढलेली, शहरात पिशवीच्या दुधाला कंटाळलेली. आत्याने ठोकून दिलं, "बाई, त्यायच्या घरी चहात पानी टाकत नाहीत."

आता हे निभवायचं कसं? मी सरळ म्हटलं, "आत्या, पाहुण्यायले अमावस्येले बोलाव. त्या दिवशी घरात दूध असते."

आत्याने कपाळाला हात लावला. "शिकून शिकून डोस्कं फिरलं इचं. अमावस्येले कोनी पोरगी पाहाले येते काय वो?"

"मंग बाकीच्या दिवशी दूध कुठून आनतं?"

"सकाळची धार ठेवू बाजूले. एक दिवस केंद्रावर नाही देलं तं केंद्र बुडत नाही."

बाबांनी मान डोलावली. उन्हाळा होता, रात्रीचं दूध टिकलं नसतं. सकाळचं ताजं ठेवायचं, असं ठरलं.

पण पाहुणे ऊन व्हायच्या आत येणार म्हणून आत्याने मायला पहाटेच नवं लुगडं नेसवलं. माय म्हणत होती, "बाई, आधी धार काढू द्या. म्हैस मले वळखनार नाही." तीन म्हशींतल्या दोन आटलेल्या, एकच दुभती, आणि ती मायच्या जुन्या लुगड्यालाच पान्हवते. विटका हिरवा रंग, त्याला शेणाचा, सरकीच्या ढेपेचा वास. त्या वासाशिवाय तिच्या लेखी माय कुणी परकी बाई.

आत्या म्हणाली, "म्हशीले काय समजते लुगड्यातलं?"

म्हशीला सगळं समजलं. जरीच्या काठाकडे तिने एकदा पाहिलं, फुस्स केलं आणि पाय झाडला. बादली एकीकडे, माय एकीकडे. तिचं पिल्लू, वगार, लावून पाहिली, ढेप टाकली, नावाने हाका मारल्या. थेंब नाही.

"जुनं नेसून येतो," माय म्हणाली.

"आन् शेणाचा वास घेऊन पाहुण्यायपुढं बसतं? फाट्यावर आले ते, फोन आला. राहू दे."

शेजारीपाजारी विचारून झालं. सगळ्यांचं ओतून झालं होतं. दुधाच्या गावात सकाळच्या वेळी एका चहापुरतं दूध नव्हतं. शेवटी बाबा मोटारसायकल काढून पिशवी आणायला तालुक्याला निघाले, आणि त्याच रस्त्याने पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि मामा.

मामांनी टेकता टेकताच विचारलं, "दादा कुठी गेले?"

"वावरात," आत्या म्हणाली.

"आमाले तं रस्त्यात दिसले. लय जोरात जाऊन राह्यले होते."

"त्यायचं वावर तिकडंच हाये," आत्या म्हणाली. तिकडे शेत कुठलं, तालुक्याचा बाजार आहे.

वेळ जाईना. पोहे झाले, पाणी झालं, माझं शिक्षण विचारून झालं. चहा काही येईना. मुलाची आई उठली आणि गोठ्यात गेली. तिला म्हैस पाहायची होती. मी मागोमाग गेले. तिने म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि भरलेल्या कासेकडे पाहिलं.

"इची धार नाही काढली अजून?"

आत्या मागून मला डोळ्यांनी खुणावत होती. मी खोटं बोलू शकले असते, पण ती बाई म्हशींत वाढलेली होती, तिला कळलंच असतं.

"मायनं नवं लुगडं नेसलं, म्हून हे दूध देऊन नाही राह्यली. आन् बाकी दिवशी देते तं सारं केंद्रावर जाते. आमी कोरा चहा पेतो. बाबा तुमच्यासाठी पिशवी आनाले गेले."

मामा दारातून म्हणाले, "म्हंजे वावर म्हून सांगतलं ते?"

माझं लग्न त्या गोठ्यातच मोडलं, असं मला वाटलं. माय आत गेली आणि जुनं हिरवं लुगडं नेसून बाहेर आली. पाहुण्यांकडे न पाहता म्हशीखाली बसली. म्हशीने मागे वळून वास घेतला, आणि बादलीत धार वाजायला लागली. बादली फेसाने भरत गेली. मुलाची आई ते पाहत राहिली. आत्याचा चेहरा उजळला.

"घ्या, आता करतो तुमाले बिनपान्याचा चहा," ती म्हणाली.

तेवढ्यात बाबा पिशवी घेऊन आले. मोटारसायकल चालूच होती. आणि केंद्रापाशी गाडी निघायचा भोंगा वाजला.

बाबांनी पाहुण्यांना रामराम केला, पिशवी माझ्या हातात दिली, मायच्या हातातली बादली घेतली, कॅनमध्ये ओतली आणि गेले. सगळं इतक्या सफाईने झालं की आत्याने थांबवायला हात वर केला तोवर ते वळणावर दिसेनासे झाले होते. केंद्रावर कॅनचं झाकण उघडल्यावर त्यांना आठवलं म्हणे. पण तिथं एकदा ओतलं की ओतलं.

मग पिशवीचाच चहा झाला. मुलाच्या आईने घोट घेतला.

"बाई," ती आत्याला म्हणाली, "तुमी सांगतलं ते खरं हाये. चहात पानी टाकाचं कामच नाही. ह्यात आधीच हाये."

आत्या पदराने तोंड पुसत राहिली. मामा हसून हसून खोकले. मग ती बाई माझ्याकडे वळली.

"नवकरी सोडशीन?"

"नाही."

"मंग सकाळचा चहा कोन करन?"

"जो आधी उठन तो."

मामांचा खोकला थांबला. मुलगा पुढे सरकला. तो म्हणाला, "आधी मीच उठतो."

त्याची आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कप खाली ठेवला आणि आत्याला म्हणाली, "कुंकवाचा दिवस काढा. अमावस्या सोडून कोनताबी."

आता मी मंगरूळपीरला राहते. सकाळी तो दुकानातून हिरव्या डोंगराची पिशवी आणतो आणि चहा टाकतो, मी शिकवणीला जाते. आणि अमावस्येला पहिल्या बसने गावाहून एक बाटली येते. माय ती कंडक्टरच्या हाती देते. त्या दिवशी सासूबाई स्वतः स्टँडवर जातात. मला जाऊ देत नाहीत. वाटेत मी कुणाला तरी देऊन टाकीन, असं त्यांना वाटतं. आमच्या घराण्याची सवय त्यांनी पाहिलेली आहे.