मलिद्याच्या ताटापुढं घेतलेलं नाव

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तर पूर्ण झाली होती. शाळा चौथीपर्यंत. रेल्वेत खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून लागलो, फिटर होऊन बाहेर पडलो. माझं चुकलं असं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं, साहेबालासुद्धा.

आम्ही बेने इस्रायली. माझे आजोबा नोकरीपायी कोकणातून इकडं आले आणि आम्ही खानदेशी झालो. जळगावात आमची घरं इतकी थोडी, की यहुदी म्हणजे काय हे गल्लीला आमच्याकडं बघूनच कळतं.

मुलगा धुळ्याला असतो. त्याचं लेकरू सोळा वर्षांचं. सगळे नातू म्हणत. मी इथं नातच लिहितो, कारण उन्हाळ्यात आमच्याकडं आली तेव्हा तिनं मला आणि माझ्या बायकोला तसं सांगितलं. "आबा, मी मुलगी आहे. लहानपणापासून मला ठाऊक आहे." स्वतःसाठी एक नावही तिनं ठरवलं होतं.

मी चिडलो. आपल्या धर्मात हे बसत नाही म्हटलं. बायको तांदूळ निवडत होती. म्हणाली, "धर्म तुम्हाला कधीपासून कळायला लागला? आमेनच्या पुढं एक शब्द येत नाही."

काही दिवस फुगून बसलो. मग एकदा चहा मागताना त्या नव्या नावानं हाक मारली. पोरीला इतका आनंद झाला, की चहात साखर घालायची राहिली. मी तसाच प्यालो. तेव्हाच ती म्हणाली, "पप्पांना सांगू नका हं. असलं काही घरात चालणार नाही, असं ते टीव्ही बघताना एकदा बोलले होते. माझं मी सांगीन, जमेल तेव्हा." मी बरं म्हटलं.

पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. मी एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोललो. ती बरी झाली, म्हणून आमच्या घरी मलिदा ठेवला. मुलगा तिला घेऊन आला होता. पोहे तिनंच भिजवले, गूळ-खोबरं कालवलं, वेलदोडे कुटले. केळी शेजारच्या आप्पांनी यावलच्या मळ्यातून आणली होती. प्रार्थना म्हणायला ठाण्याहून एक पाहुणे आले. आमची माणसं, गल्लीतली माणसं, खोली भरून गेली. पाहुण्यांनी विचारलं, "आशीर्वाद कुणाच्या नावानं म्हणायचा?"

माझी छाती फुगली. वाटलं, आज दाखवतो, या घरात कोण कुणाला भितो ते. मी पोरीचं नवं नाव मोठ्यानं घेतलं. वर म्हणालो, "माझी नात आहे ती. ज्याला अडचण असेल त्यानं मलिदा न खाता जावं."

कुणी हललं नाही. मी मोठ्या ऐटीत तिच्याकडं बघितलं. केळ्यांचं ताट हातात धरून ती बापाकडं बघत होती.

मुलगा उठला. सगळ्यांदेखत तिला विचारलं, "आबा काय म्हणतात? खरं आहे का हे?"

ती म्हणाली, "नाही."

जे माझ्यापाशी एवढ्या हिमतीनं कबूल केलं होतं, ते तिला बापापुढं नाकारावं लागलं. माझ्यामुळं. पाहुण्यांनी तिचं जुनं नाव घालून आशीर्वाद म्हटला. ती आमेन म्हणाली. माझ्या तोंडून तेवढंही फुटेना.

स्वयंपाकघरात मी तिच्या मागं गेलो. ती भांडी विसळत होती. मागं न बघता म्हणाली, "आबा, तुम्हाला सांगितलं होतं ना." एवढंच. दुपारी मुलगा तिला घेऊन धुळ्याला गेला. जाताना ती पाया पडली, पण नजर वर केली नाही.

संध्याकाळी आप्पा मलिद्याचा रिकामा डबा द्यायला आले. "नाना, पोऱ्या शे का पोरगी, माले काय करनं शे? मलिदा झकास व्हता," म्हणाले. मग हळूच, "पन ते लेकरू घाबरी गयं व्हतं."

माझ्या आधी आप्पांना दिसलं होतं. बायको म्हणाली, "तुम्ही तिची बाजू घेतली नाही. स्वतःचा डौल मिरवला." मला जेवण गेलं नाही. नोकरीत एकदा माझा अपमान झाला होता, तेव्हासुद्धा मी पोटभर जेवलो होतो.

सकाळी पहिल्या एसटीनं धुळ्याला निघालो. एरंडोलला गाडी थांबली तेव्हा परत फिरावंसं वाटलं, पण बसून राहिलो. दार मुलानं उघडलं. पोरगी मागं पडद्याशी उभी होती.

"बाबा, आता समोरासमोर सांगा. काल बोललात त्यात काही आहे की नाही?"

मी तिच्याकडं बघितलं. तिनं मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

मी म्हटलं, "माझं चुकलं रे. आजकाल डोकं ठिकाणावर नसतं. कुठलं तरी नाव तोंडात आलं."

मुलगा माझ्याकडं बघतच राहिला. मग आवाज उतरवून म्हणाला, "डोक्याच्या डॉक्टरला दाखवू या का, बाबा?"

"दाखव," म्हटलं.

पोरीनं पाणी आणून दिलं. पेला घेताना मी तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. पाणी प्यालो आणि मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून दवाखान्यात गेलो.