हळदकुंकवाचे डाग

लहानपणी मी आणि डिचोलीचा माझा चुलतभाऊ एकाच दुकानातून कॉमिक्स घ्यायचो. पुढे जुन्या कॉमिक्सना भाव येतो असं कळलं, तेव्हा दोघांनीही ती जपून ठेवली. यंदा मांद्रेत एक संग्राहक उतरला होता. आम्ही आपापले गठ्ठे घेऊन त्याच्याकडे गेलो.

भावाची सगळी त्याने घेतली. माझ्या एकेका मुखपृष्ठावर मात्र बोट ठेवत तो म्हणाला, "डाग." डाग कसले, हळदकुंकू ते! दसऱ्याला आई शाळेच्या पुस्तकांसोबत माझी कॉमिक्सही पुजायची. अक्षर आहे ना त्यात, मग ती सरस्वतीच, म्हणायची. काकीने भावाची कॉमिक्स "हा कसला अभ्यास?" म्हणत ट्रंकेत कोंबली होती. तिच्या तुसडेपणाचं सोनं झालं.

परतताना भाऊ हसून म्हणाला, "तुजीं देवाक पावलीं मरे!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दसऱ्याला त्याने त्याच पैशांतली नवी कोरी स्कूटर दारात लावली. काकीने तिच्या चकचकीत नाकावर हळदकुंकवाची बोटं ओढली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले आणि मनातल्या मनात म्हटलं, "डाग."