पंधरा माणसांची हवा

गोरेगावात सेनगाव रस्त्याला माझं टायरचं दुकान आहे. सत्तावीस वर्षं झाली, पंक्चर काढतो, हवा भरतो, टायर विकतो. गिऱ्हाइकानं एकच गोष्ट दोनदा विचारली की माझं डोकं फिरतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. धनसिंग राठोडानं मात्र गेल्या हिवाळ्यात मला एकच प्रश्न दीड महिना विचारला. शर्यतीला कोणता टायर टाकावा?

धनसिंग आणि शर्यत, हे दोन शब्द शेजारी ऐकून आमच्या स्टँडवर कुणाला हसू आवरलं नाही. धनसिंग तांड्यावरचा, वय बावन्न, गोरेगाव ते सेनगाव काळी-पिवळी जीप चालवतो. या लाइनवर त्याच्याइतका सावकाश माणूस दुसरा नाही. आणि जीप गच्च भरल्याशिवाय तो चावीला हात लावत नाही. लोक म्हणतात, धनसिंगच्या जीपमध्ये शेवटचा माणूस चढेपर्यंत पहिल्याची दाढी वाढते. पुढे चार, मधे पाच, मागे सहा, असे पंधरा झाले की तो खाली उतरून चारही टायरांना एकेक लाथ मारतो आणि मगच निघतो. मागून पुढे निघून जाताना कुणी शिव्या दिल्या तरी हा हसतो. चिडणं त्याला जमतच नाही, ते काम आमच्या दोघांत माझ्याकडे आहे.

तर झालं असं की वारंगा फाट्याजवळ कुणीतरी शेतात प्लॉट पाडले होते. आतले रस्ते डांबराचे केले, खांब रोवले, घर मात्र एकही उठलं नाही. त्या रिकाम्या रस्त्यांवर हौशी गाडीवाल्यांच्या एका क्लबनं जानेवारीत ऑटोक्रॉस ठेवला. म्हणजे रबरी शंकू मांडून वळणावळणाची वाट करायची, एका वेळी एकच गाडी सोडायची, आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. शंकू पाडला की दोन सेकंद वाढवायचे. गाडी कोणतीही चालेल, पण टायर रोजच्या रस्त्याचेच हवेत, ज्या टायरांवर आलात त्याच टायरांवर घरी जायचं. जगननं, म्हणजे दुसऱ्या एका जीपवाल्यानं, त्याच्या जाहिरातीचा कागद स्टँडवर वाचून दाखवला आणि धनसिंगनं मुकाट्यानं त्यावरचा नंबर उतरवून घेतला.

मी विचारलं, तुला काय बक्षिसाची हाव सुटली का? तो म्हणाला, "बक्षीस कोणाला पाहिजे भाऊ. मला एकच बघायचंय. त्या दिवशी टायर घसरला का माझा हात चुकला."

तो दिवस मलाही चांगला आठवत होता.

दोन वर्षांपूर्वी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, भर दुपारी तांड्यावरची आशाबाई धावत स्टँडवर आली. तिची पोरगी हिंगोलीला दवाखान्यात अडली होती. एस.टी. नुकतीच गेलेली, स्टँडवर दुसरं चिटपाखरू नाही. धनसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा जीप न भरता काढली. शेजारच्या सीटवर आशाबाई, बाकी जीप मोकळी. बारीक पाऊस होऊन गेलेला, ट्रॅक्टरांनी शेतातली काळी माती रस्त्यावर आणून चोपडलेली. नाल्याच्या वळणावर जीपचं ढुंगण सुटलं, ती गर्रकन फिरली आणि आडवी होऊन बाभळीला टेकली. धनसिंगला खरचटलं, आशाबाईचा पाय मोडला. तिकडे पोरगी सुखरूप बाळंत झाली, इकडे आईच्या पायात रॉड पडला.

आशाबाईनं तक्रार केली नाही, की एक वाकडा शब्द काढला नाही. पण त्यानंतर ती धनसिंगच्या जीपमध्ये बसली नाही. काठी टेकत एस.टी.ची वाट पाहत उभी राहायची, आणि हा समोरून तिच्याकडे न बघता जायचा. मला ते बघवत नसे.

लोक म्हणाले, टायर गुळगुळीत झाले होते, टायरानं दगा दिला. दुसरे म्हणाले, मोकळी जीप मिळाल्यावर धनसिंगला वारं लागलं असणार. त्याला स्वतःला काहीच ठरवता येत नव्हतं. दोन वर्षं तो वळणाला आला की दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचा आणि माणसं मागून ओरडायची.

आता माझी गोष्ट सांगतो. त्या टायरांबद्दल त्यानं मला अपघाताच्या महिनाभर आधी विचारलं होतं, आणि मी म्हणालो होतो, अजून एक हंगाम बिनधास्त चालतील. म्हणजे दोष टायरचा निघाला, तर तो माझा होता. म्हणून धनसिंग शर्यतीचं बोलू लागला की मी चिडायचो. खरं तर मी घाबरलेलो होतो.

टायर निवडणं सुरू झालं आणि आमच्या दोघांच्या डोक्याचा भुगा झाला. जगन म्हणाला, रुंद टायर टाक, जितका रुंद तितका चिकटतो. मी म्हणालो, रुंद टायर तुझ्या जीपच्या पत्र्याला घासेल. मग धनसिंगला मोठ्या गोट्यांचा, चिखलात चालणारा टायर आवडला. दिसायला दणकट. पण तो डांबरावर डुगडुगतो, हे मला ट्रॅक्टरवाल्यांमुळे माहीत होतं. मग त्याच्या पोरानं, योगेशनं, पुण्याहून फोनवर व्हिडिओ पाठवले. त्यात सांगत होते की टायरच्या अंगावर झिजेचा आकडा असतो, आकडा जितका लहान तितकं रबर मऊ, मऊ रबर रस्ता धरून ठेवतं पण लवकर संपतं.

धनसिंगनं तो व्हिडिओ माझ्या दुकानात बसून चार वेळा पाहिला. इतकी वर्षं तो मला एकच विचारत आला होता, यातला जास्त दिवस कोणता चालेल? आणि आता पोरगं सांगत होतं की जो लवकर झिजतो तो चांगला.

"मग आपण आजवर उलटंच करून राहिलो का?" त्यानं विचारलं.

सत्तावीस वर्षं मीही तेच विकत होतो. मी त्याच्यावर खेकसलो, की शर्यत दोन मिनिटांची आणि जीप वर्षभर चालवायची आहे, मऊ टायर घालून पंधरा माणसं वाहिलीस तर होळीपर्यंत टायरातली तार दिसेल. ते त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. रात्रीतून पटलेलं सगळं उडालेलं असायचं.

शेवटी त्यानं जे ठरवलं ते ऐकून मला त्याच्या डोक्याचं कौतुक वाटलं. अपघाताच्या दिवशी जे टायर होते, त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे, पण नवेकोरे टाकायचे. ते वळणावर टिकले तर त्या दिवशी दोष झिजलेल्या टायरचा होता. आणि तेही सुटले, तर हात त्याचा. हिशेब सरळ होता. मला मात्र टायर टिकावेत की सुटावेत, काय मागावं हेच कळेना. टिकले तर मी गुन्हेगार, सुटले तर माझा मित्र.

शर्यतीच्या रविवारी सकाळी मी चारही टायर चढवले, हवा भरली आणि त्याच्या शेजारी बसून वारंग्याला गेलो. तिथे नांदेडच्या, परभणीच्या चकाकत्या लहान गाड्या, पोरांच्या डोक्यावर हेल्मेटं, आणि त्यात आमची काळी-पिवळी. एकानं विचारलं, सेनगावचं सीट आहे का? धनसिंगनं प्रामाणिकपणे सांगितलं, आज न्हाई.

गाड्यांमध्ये दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हते. मी दोरीबाहेर उभा राहिलो. झेंडा पडला आणि धनसिंग निघाला. खरं सांगतो, तो बरा निघाला. पहिलं वळण उजवीकडे, ते पार केलं. दुसरं डावीकडचं, नाल्याच्या वळणासारखंच आवळतं. तिथं जीपचं मागचं अंग सुटलं, फरफटत बाहेर गेलं आणि तीन शंकू घेऊन आडवं झालं.

तो परत आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. हेल्मेट काढून त्यानं हातात धरलं आणि म्हणाला, "हातच माझा. चल भाऊ, घरी जाऊ."

मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आतून सुटल्यासारखंही वाटलं. त्या सुटकेची मला आजही लाज वाटते.

आम्ही निघणार तेवढ्यात क्लबची टायर तपासणारी मुलगी आली. संध्या तिचं नाव, नांदेडची, वर्कशॉपमध्ये काम करणारी. तिनं मागच्या टायरवर बूट दाबला, टायर जराही दबला नाही. मग खिशातून मीटर काढून लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं. म्हणाली, "काका, या गाडीत किती माणसं बसणार आहेत?"

धनसिंगनं सांगितलं, एकटा मीच.

"मग हवा पंधरा माणसांची कशाला भरली?"

ती समजावत होती की मोकळ्या गाडीला एवढी हवा असली की टायर फुगून कडक होतो, रस्त्याला नीट टेकत नाही, मागचा भाग हलका असतो, वळणाला सुटतो. मी ऐकत होतो, पण डोळ्यांसमोर माझा रोजचा आकडा होता. मागे पन्नास पौंड, पुढे चाळीस. हा आकडा मी कधी विचारून भरलाच नव्हता. जीप आली की भरायचा. आमच्या लाइनवर मोकळी जीप नसतेच, मग मोकळ्या जीपची हवा कुणी कशाला शिकेल?

संध्यानं बरीच हवा सोडली. दुसऱ्या फेरीत धनसिंग त्याच वळणाला आला, जीप झुकली, कण्हली आणि रस्ता धरून निघून गेली. एकही शंकू पडला नाही. तेवीस गाड्यांत त्याचा नंबर एकोणिसावा आला. एवढं होऊनही त्याला आनंद झालेला दिसला नाही. टायर नव्हे, हात नव्हे, असं तिसरंच काहीतरी त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं.

परतीच्या वाटेत कळमनुरी मागे पडलं. मग मीच सांगितलं, त्या दिवशी सकाळी हवा मी भरली होती. रोजच्यासारखीच, पन्नास. टायर चालतील असंही मीच म्हणालो होतो.

"तू रोज भरतो तेवढीच भरली," धनसिंग म्हणाला. "जीप न भरता मी काढली. आता यात चूक कोणाची धरावं?"

त्यानं जीप दुकानाकडे न नेता सरळ तांड्याकडे वळवली. आशाबाईला सांगतो म्हणाला, निदान तिला तरी कळू दे.

आशाबाई अंगणात तुरी झोडपून झाल्यावर कचरा पाखडत होती. दिवस मावळायला आला होता. तांड्यावर ही माणसं गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत बोलतात, पण मी होतो म्हणून मराठीत बोलली. धनसिंगनं उभ्यानंच सगळं सांगितलं. शंकू, नवे टायर, नांदेडची पोरगी, पंधरा माणसांची हवा. मी मान खाली घालून, ती हवा माझी होती, एवढं म्हणालो.

तिनं सूप खाली ठेवलं. तिला आमचं बोलणं कळलं नाही असं मला वाटलं.

"हवेचं मला काय कळतं?" ती म्हणाली. "मीच तुला म्हणून राहिले होते, पळव, पळव, पोरगी एकटी हाय. वळणाला तुझा खांदा धरून हालवला मी. तू विसरला का?"

धनसिंगला काहीच आठवत नव्हतं. तो माझ्याकडे बघायला लागला, जणू मी जीपमध्ये होतो.

"मग काकी, माझ्या जीपमध्ये काहून बसत न्हाईस?"

"कोण्या तोंडानं बसू? तुझी जीप मी मोडली."

धनसिंग तिथेच तुरीच्या काड्यांवर खाली बसला. दोन वर्षं त्यानं मला विचारलं, जगनला विचारलं, पुण्याच्या पोराला विचारलं, चार नवे टायर घालून वारंग्याला जाऊन विचारलं. शेजारच्या सीटवर जी बसली होती, तिला मात्र त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. आणि मीही नाही.